कोरिनच्या कुंडीत काय लावायचं

सेंट पॉल
९ एप्रिल १९९१

अर्लीन यांस,

वर 'मिसेस हॉगन' लिहायला घेतलं होतं, पण हात अडला. ते नाव तेहतीस वर्षं माझ्या धाकट्या बहिणीचं होतं. तेव्हा नुसतं अर्लीन. रागावू नका.

मी आर्डिस, कोरिनची थोरली बहीण. तुम्ही फेब्रुवारीत तिकडे टेक्सासात मर्लशी लग्न केलंत तेव्हा मी आले नाही. गुडघ्यांचं कारण कळवलं होतं. आता त्याच गुडघ्यांपायी एक काम तुमच्या गळ्यात घालते आहे.

कोरिनच्या कबरीपुढे सिमेंटची एक कुंडी आहे. कोरिनला जाऊन अकरा वर्षं झाली आणि दर वर्षी ती कुंडी मी भरली, इथून पाच तास गाडी चालवत येऊन. यंदा मुलाने किल्ल्याच काढून घेतल्या. मेच्या शेवटी, मेमोरियल डेला, बँड वाजवत सगळं गाव दफनभूमीत येतं, हे तुम्हाला कळलं असेलच. ज्याची कुंडी रिकामी, त्याच्या घरच्यांना पुढचं वर्षभर बोलणी बसतात. मला गावाचं काही नाही. म्हणजे आहे, पण थोडंच. माझी बहीण त्या दिवशी बिनफुलांची राहिलेली मला चालणार नाही, एवढंच.

मर्लला सांगण्यात अर्थ नाही. तो 'बरं' म्हणतो आणि मासे धरायला जातो.

रोपं साधीच हवीत. मध्ये एक उंच, टोकदार पात्यांचं, ज्याला सगळे स्पाइक म्हणतात. त्याच्याभोवती तीन लाल जिरेनियम. कडेवरून लोंबायला व्हिंकाचा वेल, पांढऱ्या काठाच्या पानांचा, दोन रोपं. एक उंच, एक भरगच्च, एक लोंबतं. यापलीकडे काही घालायचा मोह झाला तर हात मागे बांधून घ्यावेत. कुंडी आहे, लग्नाचा केक नाही.

कधी लावायचं ते सांगायला नको. ते इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं.

आर्डिस टोलेफसन


व्हेस्टर लेक, मिनेसोटा
१६ एप्रिल

मिस आर्डिस,

आमच्या दक्षिणेत मोठ्या बाईच्या नावाआधी 'मिस' लावतात, मग तिला नातवंडं का असेनात. तेवढं चालवून घ्या, नाहीतर माझी आई वरून कान पिळेल.

तुमच्या पत्राची तीन पारायणं केली. इथे येऊन तीन आठवडे झाले, आणि माझ्या नावाने आलेलं हे पहिलंच पत्र. काम करते की! बावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात रोज चारशे पोरांचं रांधलं, एका कुंडीची काय कथा. पण खरं सांगते, मातीतलं मला ओ की ठो कळत नाही. आमच्याकडे वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात कोरफड खोचायची आणि विसरून जायचं. ती आपली आपण लेकुरवाळी होते.

तुमचा स्पाइक मी शेजारच्यांच्या ओसरीवर पाहिला. उलटा धरलेला झाडूच की तो! त्याऐवजी घाणेरी लावली तर? आमच्याकडे कुंपणाला असते. पिवळी-केशरी फुलं, पाणी मिळो न मिळो, सदा हसतमुख.

चर्चमधल्या बायका फार सभ्य आहेत. इतक्या सभ्य की शेजारी बसलं की स्वेटर घालावासा वाटतो. एकीने विचारलं, "थंडी सोसते का?" मी म्हटलं, "कुठली, बाहेरची की इथली?" कोणी हसलं नाही. मी एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा लग्न केलं, मिस आर्डिस. नवी नवरी या वयात कशी वागते ते मला ठाऊक नाही, आणि त्यांनाही नसावं.

मर्लला पत्र दाखवलं. "बरं," म्हणाला. तळ्यावर अजून बर्फ आहे, म्हणून होडी रंगवायला गेला.

अर्लीन


सेंट पॉल
२३ एप्रिल

अर्लीन,

घाणेरी नको. इथे ती जुलैपर्यंत रुसून बसेल आणि ऑगस्टात खुलायला लागली की थंडी तिच्या दारात हजर. पेटुनियाही नको. तिची सुकलेली फुलं रोज खुडावी लागतात, आणि हरणं रानातून येऊन ती जेवणानंतरच्या गोडासारखी खातात. जिरेनियमच्या पानांना उग्र वास असतो, हरीण नाक मुरडून पुढे जातं. शिवाय लाल रंग फाटकापासून दिसतो.

दुकानात भरभरून फुललेलं रोप पाहून भुलू नका. ठेंगणं, जाड दांड्याचं आणि बंद कळ्यांचं घ्या. डबीतून हलकेच उपसून मुळं बघा. पांढरी हवीत, पण एकमेकींना गुंडाळून दोरखंड झालेली नकोत. कुंडीतली जुनी माती वीतभर काढून नवी घाला. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवा, भोक बुजलं की सगळं मुसळ केरात. पाणी खालून वाहीपर्यंत घालायचं. नळ पार फाटकाशी आहे, बादली घेऊन एकशेदहा पावलं. म्हणूनच म्हणते, साधी रोपं. आठवड्यातून दोनदा पाणी मिळालं तरी कुरकुर न करणारी.

झाडू म्हणालात ते वाचून मी एकटीच हसले. कोरिनही त्याला झाडूच म्हणायची.

मला मिस म्हणायची गरज नाही. पण म्हणणारच असाल तर म्हणा.

आर्डिस


व्हेस्टर लेक
६ मे

मिस आर्डिस,

झालं काम! शनिवारी कुंडी भरली. काय ऊन होतं म्हणून सांगू! तळ्यावरचं बर्फ गेलं, मर्ल नुसत्या बनियनवर फिरत होता, मलाही पहिल्यांदा वाटलं की इथे माणसं राहू शकतात. रोपवाटिकेतली बाई रोपं देताना म्हणाली, "आत्ताच लावणार नाही ना?" मी म्हटलं, "ताबडतोब!" ती नुसती बघत राहिली. इथली माणसं वाक्य पुरं करत नाहीत.

तुमच्या शिकवणीप्रमाणे ठेंगणी रोपं घेतली, मुळं पाहिली, खापरी ठेवली. झाडूही लावला. पण कोरिनला तो झाडू वाटायचा, तर अकरा वर्षं तिच्या उशाशी तो का उभा करत आलात?

बादल्या तीन लागल्या. मी एकटीच गेले होते, मर्लला होडी पाण्यात सोडायची होती. दगडही पाहिला. दोन्ही नावं छान कोरली आहेत.

जास्त लिहीत नाही.

अर्लीन


सेंट पॉल
९ मे

अर्लीन,

अहो, चार मेला? मेमोरियल डेच्या आठवड्याआधी उत्तरेत कोणी कुंडीला हात लावत नाही! मेमध्ये चार दिवस ऊन पडतं, माणूस फसतो आणि मग एका रात्रीत दंव गोठून सगळं काळं होतं. चूक माझी, मी सांगायला हवं होतं. शाळकरी पोरांना ठाऊक असतं असं लिहिलं, पण तुम्ही या शाळेतल्या नाही हे विसरले.

अजून काही बिघडलेलं नाही. रेडिओवर दंवाचा इशारा आला की संध्याकाळी जुनी चादर घेऊन जा, कुंडीवर पांघरा आणि कडेने दगड ठेवा. सकाळी ऊन आल्यावर काढा. त्या संध्याकाळी गावभर चादरी दिसतील, लाजायचं कारण नाही.

दगड आवडला ना? तो मीच पसंत केला. गुलाबी ग्रॅनाइट. कोरिन गेली त्याच महिन्यात मर्लचंही नाव शेजारी कोरून घेतलं, जन्मसालासकट. आता फक्त शेवटचं साल घालायचं राहिलं आहे. गावात सगळेच असं करतात. मागे राहिलेल्या माणसालाही बरं असतं, आपली जागा ठरलेली आहे हे माहीत असलं की.

चादर विसरू नका.

आर्डिस


व्हेस्टर लेक
२२ मे

मिस आर्डिस,

चादरीचं पत्र वेळेवर मिळालं. कुंडी लाल आहे. मेमोरियल डेची काळजी नसावी.

अर्लीन


सेंट पॉल
३१ मे

मिसेस हॉगन,

माझी मावसबहीण पर्ल मेमोरियल डेला दफनभूमीत होती. तिचं पत्र काल आलं, सोबत फोटो. कोरिनच्या कुंडीत प्लास्टिकची फुलं आहेत. लाल, हो, लालच. फोटोत त्यांच्या पाकळ्यांवरची शिवणसुद्धा दिसते आहे.

रोपं गेली असती तर मी समजून घेतलं असतं. पहिल्याच वर्षी दंवाने फसवलं नाही असा माणूस मिनेसोटात नाही. पण तुम्ही मला लिहिलंत, 'कुंडी लाल आहे.' एवढं बेतून लिहिलेलं खोटं मी फार दिवसांत वाचलं नव्हतं. जमत नव्हतं तर सांगायचं होतं. मी पर्लच्या पाया पडले असते, मुलाशी भांडून गाडी काढली असती.

बँड वाजत असताना माझ्या बहिणीपुढे प्लास्टिक! तुमची ती कोणी नव्हे, हे मला कळतं. पण मला ती सगळं होती.

आर्डिस टोलेफसन


व्हेस्टर लेक
५ जून

मिस आर्डिस,

तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे. आता माझं खरं ऐका, मग पुन्हा कधी पत्र पाठवलं नाहीत तरी चालेल.

तुमचं चादरीचं पत्र अकरा तारखेला आलं. बाराला दुपारी रेडिओवर इशारा झाला. मी चादर काढली, गाडीची किल्ली घेतली आणि पायरीवर बसले. बसूनच राहिले. ऊन उतरलं, शेजारणीने आपल्या कुंड्या झाकल्या, मला हात केला. मी हात केला. गेले नाही. तेव्हा रोपं दंवाने मारली नाहीत, मिस आर्डिस, मी मारली. सकाळी जाऊन पाहिलं, शिजवून टाकलेल्या पालकासारखी झाली होती.

का गेले नाही ते सांगते. चार मेला मी गुडघ्यांवर बसून माती भरत होते, गाणं गुणगुणत होते. मान वर केली तर समोर माझ्या नवऱ्याचं नाव. मर्ल थिओडोर हॉगन, १९२५, आणि पुढे रिकामी जागा. शेजारी कोरिन. वर एकच आडनाव आणि दोन अंगठ्या एकमेकींत गुंतलेल्या. मला कोणीच सांगितलं नव्हतं. ज्या माणसाच्या शेजारी मी रोज सकाळी उठते, त्याचं अंथरूण दुसरीच्या शेजारी कधीचं घालून ठेवलं आहे, आणि मी त्याला पाणी घालते आहे.

आमच्याकडे असा दगड कोणी केलेला मी पाहिला नव्हता. किंवा असेलही, पण माझं कोणी नसल्यामुळे माझं लक्ष गेलं नसेल.

मर्लला विचारलं, "आणि मला कुठे ठेवणार?" त्याने डोक्यावर टोपी चढवली. मग म्हणाला, "बघू." मिस आर्डिस, मी साठ वर्षं एकटी राहिले, मला सवय होती. पण आता सवय मोडली आहे. मेल्यावर पुन्हा एकटीने कुठल्यातरी कोपऱ्यात जायचं, या विचाराने मला रात्री झोप लागत नाही. आणि त्यात तुमचं पत्र, 'आपली जागा ठरलेली असली की बरं असतं.' ते वाचून मी तुमचा मनापासून राग केला.

दुसरी रोपं मी आणली होती. तीन जिरेनियम, दोन वेल. गाडीत घालून फाटकापर्यंत दोनदा गेले. दोन्ही वेळा परत आले. शेवटी एकवीसला दुकानातून प्लास्टिकची फुलं घेतली, खुपसली आणि मागे न बघता निघाले. कोरिनवर माझा राग नाही. तिने माझं काय वाईट केलंय?

रोपं मागच्या पायरीवर आहेत. त्यांना रोज पाणी घालते. पर्लबाईंना सांगा, येऊन घेऊन जातील तर बरं.

अर्लीन


सेंट पॉल
११ जून

अर्लीन,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. मुलाला वाटलं पोट बिघडलंय. त्याला सांगितलं, बिघडलं ते वरच्या मजल्यावर आहे आणि फार जुनं आहे.

आता माझं ऐक. १९८० साली दगडवाल्याने विचारलं, "एक नाव घालू की दोन?" मर्ल खिडकीतून बाहेर बघत होता. मीच म्हणाले, "दोन." तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्याच्या गप्प बसण्याचा मी होकार केला, आजवर सगळ्यांनीच तसं केलं आहे. पण मला ठाऊक होतं मी काय करते आहे. तो पंचावन्न वर्षांचा, धडधाकट, स्वतःच्या शर्टाचं बटण स्वतः लावणारा माणूस. हा पुन्हा लग्न करणार हे मला दिसत होतं. कोरिनला कोणी विसरू नये म्हणून मी जिवंत माणसाला दगडात बांधून टाकलं. गावात सगळेच करतात हे खरं, पण मी का केलं ते फक्त मला माहीत होतं. आता तुला.

तुझ्या लग्नाला आले नाही ते गुडघ्यांमुळे नव्हे. गुडघे तेव्हा बरे होते.

आणि वर मी तुला त्या दगडाचं कौतुक ऐकवलं! म्हातारपणी डोळे जातात म्हणतात, माझे आधीच गेले होते.

आमच्या वडिलांनी तिथे एका ओळीत चार जागा घेऊन ठेवल्या होत्या, दोन लेकी आणि दोन जावयांसाठी. कोरिन, मर्ल, मी आणि माझा लेनर्ड. पण लेनर्ड लढाईवर गेलेला, तो इथे सैनिकांमध्ये झोपला आहे आणि मला त्याच्याचजवळ जायचं आहे. म्हणजे मर्लच्या दुसऱ्या अंगाची जागा माझी, आणि ती मला नको. काल मुलाला घेऊन गेले आणि कागद करून ती तुझ्या नावावर केली. दफनभूमीच्या समितीला टपालाने पाठवला आहे. पोच आली की तुला कळेल. बिचारा मर्ल. जन्मभर गप्प राहिला, आता दोन बायकांच्या मध्ये निजायचं म्हणजे बोलायची संधी कायमचीच गेली.

आभार मानायला बसू नकोस. मी दानधर्म करत नाही, चूक निस्तरते आहे.

एक सल्ला. जिवंतपणी नाव कोरून घेऊ नकोस. जागा असू दे, दगडाची घाई नको.

आणि ती जिरेनियम पायरीवर ठेवून कोणाला दाखवतेस? जून लागूनही दहा दिवस झाले. दांडे लांबले असतील तर शेंडे खुड, बाजूने फुटवे येतील. झाडू तुला आवडत नाही, तर मधलं उंच रोप यंदा तुझ्या पसंतीचं लाव. घाणेरी सोडून.

आर्डिस


व्हेस्टर लेक
२४ जून

मिस आर्डिस,

समितीचं पत्र आलं. मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि मर्लपुढे ठेवलं. त्याने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. मग बाहेर गेला. मी म्हटलं, चालला मासे धरायला. तर खिडकीतून दिसलं, तो मागच्या पायरीवरची रोपं एकेक करून गाडीत ठेवत होता.

वाटेत त्याने रोपवाटिकेपाशी गाडी थांबवली. मधलं उंच रोप मी निवडायचं होतं, पण त्याने थेट एक उचललं. साधंच, निळ्या तुऱ्यांचं साल्विया. म्हणाला, "कोरिनला निळं आवडायचं." मी विचारलं, "मग अकरा वर्षं आर्डिसताईंना सांगितलं का नाही?" तर म्हणे, "तिने विचारलं नाही." जिरेनियम लालच आहेत, तुमचा मान राखला.

प्लास्टिक त्यानेच उपटलं. गुडघे टेकून माती खणली, मी नुसती रोपं हातात देत होते. बादल्याही त्यानेच आणल्या. मग मी माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले. गवतच आहे अजून. आधी भीती वाटली, मग नाही वाटली. ऊन चांगलं येतं तिथे, पार संध्याकाळपर्यंत. मी जागा घेते, मिस आर्डिस. आभार मानू नको म्हणालात म्हणून मानत नाही, पण मी आता रात्री नीट झोपते, हे तुम्हाला कळायला हवं.

तेवढ्यात तुमच्या पर्लबाई आल्या, हातात झारी. कुंडीकडे बघून म्हणाल्या, "हे छान झालं बाई! कोणी लावलं, मर्ल? आर्डिस आली होती का?"

मर्ल म्हणाला, "माझ्या बायकोने."

पर्लबाईंनी दगडाकडे पाहिलं. या गावात तो शब्द म्हटला की माणसं तिकडेच बघतात. मर्लने हात पँटला पुसला, माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाला, "हिने."

लावलं त्याने होतं, पण मी काही बोलले नाही.

तुमची,
अर्लीन